विरळणीचा अधिकार

लखनौच्या निशातगंजमध्ये ज्यांच्या घरामागे थोडीशी मोकळी जागा आहे, त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तांबड्या बीटाचा एक वाफा अवश्य करावा. गोमतीकाठची गाळाची माती आणि तेथील थंडी या कंदाला मानवते. बीटाचे बी म्हणून आपण जे पेरतो, तो बहुधा अनेक बियांचा झुबका असतो. त्यामुळे एकाच जागी तीन-चार रोपे उगवतात. ती तशीच राहू दिली तर एकही कंद नीट भरत नाही. चार बोटांच्या अंतरावर एकेक रोप राखून बाकीची उपटावी लागतात. यालाच विरळणी म्हणतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. उपटलेल्या रोपाचा अपराध कोणता? ते तण नव्हते, राखलेल्या रोपाचे सख्खे भावंडच होते. मग ही विरळणी न्याय्य कशी?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वनस्पती मनुष्याला अन्न म्हणून दिलेली आहे. काढलेली कोवळी रोपे वाया जात नाहीत. लसणाची फोडणी देऊन, बेसन पेरून त्यांची उत्तम भाजी होते. राखलेला कंद सालीसकट व देठाचा तुकडा ठेवून उकडावा, म्हणजे रंग पाण्यात उतरत नाही. मग दही व दाण्याचे कूट घालून कोशिंबीर करावी. दोन्ही रोपे एकाच ताटात येतात. येथे अन्याय नाही.

परंतु त्याच अध्यायात मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, कोणाचे अन्न नव्हे. तरीही, "दोघांचा खर्च झेपत नाही," असे म्हणून मुलाच्या शिक्षणासाठी मुलीची शाळा थांबवली जाते, तेव्हा आपण वाफ्याचा नियम घरात आणतो. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात तर निदण उपटायला निघालेल्या दासांनाही धनी थांबवतो. योहानाच्या पंधराव्या अध्यायात माळी आहे तो पिता. आणि तेथील छाटणीच्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'शुद्ध करणे' असाही होतो. ती छाटणी त्या फाट्याच्याच हितासाठी आहे, शेजारच्या फाट्यासाठी नव्हे.

इझाबेला थोबर्न यांनी 1870 साली लखनौच्या अमीनाबादेत अवघ्या सहा मुलींची शाळा सुरू केली. तिच्यातून वाढलेले, त्यांचेच नाव धारण करणारे महाविद्यालय आज निशातगंजपासून जवळच उभे आहे. जागा अपुरी पडली तर वाफा वाढवावा, हा मार्ग त्यांनी दाखवला. आपल्या घरात कोणाला उपटण्याचा विचार चालू असेल, तर वाचकहो, आधी वाफ्याची लांबी-रुंदी पुन्हा मोजून पाहा.