उपाशी राहणं हा सद्गुण नव्हे

लग्न ठरलेल्या मुलीनं दोन-तीन महिन्यांत भराभर वजन उतरवलं की घरात तिचं कौतुक होतं. ‘काय निग्रह आहे हो तुमच्या लेकीचा!’ असं शेजारच्या काकू म्हणतात आणि आईला ते ऐकून बरं वाटतं. सकाळी नुसतं लिंबूपाणी, भात-पोळी बंद, रात्री काकडी-टोमॅटो, हा तिचा क्रम सगळ्यांना ठाऊक असतो. रात्री एक वाजता काय होतं, ते मात्र कोणाला ठाऊक नसतं. दिवा न लावता ती ओट्यापाशी उभी राहते. आधी एक लाडू, मग आणखी दोन, मग दुपारची गार पोळी साखर लावून, मग फरसाणाचा अख्खा पुडा. चव कळत नाही, पोट दुखायला लागतं, तरी हात थांबत नाही. शेवटी उरलेले लाडू ती डब्यात असे पसरून ठेवते की कमी झालेले दिसू नयेत. अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवते, उद्या काहीच खायचं नाही. पुढच्या अनावर रात्रीची सुरुवात त्याच ठरावात असते.

अशा मुली आणि बायका घरोघरी आहेत, मुलगेही आहेत. त्या सगळ्यांनी स्वतःवर एकच निकाल दिलेला असतो: माझ्यात मनोबल नाही. हा निकाल खोटा आहे, आणि तो त्यांच्या तोंडी आपण घातला आहे.

मनोबलाचीच गोष्ट असेल तर 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झालेला प्रयोग पाहावा. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे शोधण्यासाठी संशोधक अँसेल कीज यांनी 36 तरुण निवडले. सदसद्विवेकाला स्मरून ज्यांनी हाती शस्त्र धरायला नकार दिला होता, असे हे स्वयंसेवक होते. त्यांच्या मनोबलाबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. 24 आठवडे त्यांना दिवसाला सुमारे 1,570 कॅलरी एवढंच अन्न दिलं गेलं आणि आठवड्याला 22 मैल चालवलं गेलं. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्श्यानं उतरलं. पण त्याहून मोठा बदल मनात झाला. ते रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले. काहींनी नियम मोडून चोरून खाल्लं आणि नंतर अपराधी वाटून घेतलं. पुन्हा पोटभर जेवण मिळू लागलं, तेव्हा काही जण पोट तुडुंब भरूनही भूक भागत नाही म्हणून खातच राहिले. पूर्वी यातल्या कशाचाही मागमूस त्यांच्यात नव्हता.

शरीराला ‘डाएट’ कळत नाही, दुष्काळ कळतो. खाणं तोडलं की चरबीतून येणारा लेप्टिन हा तृप्तीचा संकेत मंदावतो, भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं, आणि मेंदू अन्नाच्या शोधाला लागतो. त्यात ‘भात खाल्ला म्हणजे संपलं’ असा कडक नियम असला, की एक घास मोडताच ‘आता मोडलाच आहे, तर खाऊन घेऊ’ हा विचार येतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असं आपण थट्टेनं म्हणतो. त्या थट्टेतली कारणमीमांसा आपण कधी गंभीरपणे घेतली नाही.

प्रत्येक अनावर खाण्यामागे डाएटच असतं असं नाही. दुःख, एकटेपणा, लहानपणीचे आघात हीही कारणं असतात. मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, किंवा आजीनं श्रद्धेनं सोमवार धरला, तर त्यालाही माझा विरोध नाही. विरोध आहे तो उपाशी राहण्याला चारित्र्याचं प्रमाणपत्र देण्याला. ज्या महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, तिथे बाईनं कमी खावं याचं कौतुक करणं ही क्रूरता आहे. आधीच ती सगळ्यांची पानं झाल्यावर, उरलंसुरलं घेऊन जेवायला बसते. त्यावर ‘सडपातळ वधू पाहिजे’ ही जाहिरात, ‘बाळंतपणानंतर सुटलीस गं’ हे हळदीकुंकवातलं वाक्य, आणि शाळकरी मुलाला ‘ए ढोल्या’ ही हाक. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याबरोबरच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही असं सांगितलं आहे. आपण त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा पाठ केला.

अनावर खाण्याच्या या चक्रातून सुटका होते. 2013 साली अमेरिकी मानसोपचार संघटनेनं अनावर खाण्याला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली, आणि त्यावर परिणामकारक उपचार आहेत. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या उपचारपद्धतीची सुरुवातीचीच एक महत्त्वाची पायरी ऐकून अनेकांना धक्का बसतो: वेळेवर खा. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको. म्हणजे सकाळी पोहे, मधल्या वेळी केळं, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, रात्री पुन्हा नीट जेवण. आदल्या रात्री अनावर खाल्लं असलं तरी सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत. सगळ्यात अवघड हेच असतं, आणि साखळी तुटते तीही इथेच. ताट वाढून, बसून खायचं. वजनकाट्यावर रोज उभं राहायचं नाही. हळूहळू ‘बंदी’ घातलेला भात, लाडू पुन्हा ताटात घ्यायचे, उजेडात, सगळ्यांसोबत. याला महिने लागतात, मध्ये पाय घसरतो, आणि घसरला म्हणून सगळं वाया जात नाही. खाल्ल्यावर उलटी काढणं किंवा जुलाबाची औषधं घेणं चालू असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जायला एक दिवसही लावू नये. त्यानं रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाला धोका पोचतो. मानसिक आरोग्यासाठी सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आहे.

पण सगळा भार रुग्णावर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. तिनं वेळेवर जेवायचं ठरवलं, आणि दुसरी पोळी घेताना सासूबाईंनी भुवई उंचावली, तर उपचार तिथेच अडतो. म्हणून घरातल्या मोठ्यांनी तीन गोष्टी आजपासून कराव्यात. कोणाच्याही शरीरावर शेरा मारू नये, बारीक झाल्याचं कौतुकसुद्धा करू नये. स्वयंपाक करणारीनं सगळ्यांसोबत पानावर बसावं, आणि ती बसेपर्यंत इतरांनी थांबावं. डब्यातले लाडू कमी झालेले दिसले, तर ‘कोणी खाल्ले?’ असं दरडावण्याआधी ‘तू आज दिवसभरात जेवलीस का?’ असं विचारावं. पोटभर जेवणाऱ्या माणसाला घरात मान खाली घालावी लागत नाही, एवढी व्यवस्था करणं आपल्या हातात आहे. ती आपण केलीच पाहिजे.