काळ मोजावा, काळाला भिऊ नये



आजचं चिंतन गीतेच्या दहाव्या अध्यायातल्या तिसाव्या श्लोकावर. भगवंत इथे सांगतात की मोजणी करणाऱ्यांमध्ये काळ मी आहे. म्हणजे सकाळी उठून आपण पंचांगात जे बघतो, ते त्याचंच एक रूप.

तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पंचांगाची पाच अंगं. पण राहुकाळ आणि अभिजित या रोजच्या वेळा निघतात आपल्या गावच्या सूर्यावरून. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ सारखे भाग करायचे. वारानुसार त्यातला एक राहुकाळ. सोमवारी दुसरा, रविवारी आठवा. त्याच वेळेचे पंधरा भाग केले तर बरोबर मधला, म्हणजे आठवा, तो अभिजित.

पूजेच्या संकल्पात आपण देश आणि काळ दोन्ही उच्चारतो. जुन्या नांदेडात गोदावरीचा उत्तर तीर म्हणतात, लातुरात दक्षिण. तसाच सूर्यही गावागणिक वेगळा. मुंबईपेक्षा आपल्याकडे तो साधारण पाव तास आधी उगवतो. तरी रविवारचा राहुकाळ सरसकट साडेचार ते सहा असा सांगितला जातो. हे सूर्य सहाला उगवून सहालाच मावळतो असं धरून केलेलं कोष्टक. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, रोज मोजायची गोष्ट कुणीतरी हार्डकोड करून ठेवली!

आता लातूरचंच उदाहरण घ्या. ४ मे २०२५, रविवार, नीटची परीक्षा दुपारी २ ते ५. कोष्टकाप्रमाणे शेवटचा अर्धा तास राहुकाळात. आईबापांच्या पोटात गोळाच यायचा! पण त्या दिवशी लातूरला सूर्य साधारण ५:५५ ला उगवला आणि संध्याकाळी ६:४५ च्या सुमारास मावळला. आठवा भाग जवळपास ९६ मिनिटांचा, म्हणजे राहुकाळ लागला पाच वाजून गेल्यावर. पेपर तर तोवर संपला होता.

पण मंडळी, समजा तो मध्येच आला असता, तर लेकरानं पेन खाली ठेवायचा का? राहुकाळ पाळणारी माणसंसुद्धा त्या वेळी नवं शुभकार्य सुरू करत नाहीत, एवढंच. हातातलं काम थांबवत नाहीत. आणि घरात कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर पंचांग नाही, गाडीची किल्ली शोधायची.

याच श्लोकात भगवंतांनी आणखी एक नाव घेतलंय, दैत्यांमधला प्रल्हाद मी. मला हे फार आवडतं. काळ आणि प्रल्हाद एकाच श्लोकात! त्या पोरानं हरीचं नाव घ्यायला कधी मुहूर्त पाहिला नाही. आगीतही घेतलं, कड्यावरून ढकललं तेव्हाही घेतलं.

म्हणून पंचांग जरूर बघा. आज एकादशी आहे की अमावस्या, हे कळलं की देवाची आठवण होते. पण ज्या वेळेची भीती वाटते, तीही त्याचीच आहे, हे विसरू नका. नामाला राहुकाळ नाही.

जय हरी विठ्ठल!