उसनी पांढरी वस्त्रे





बिरड्याचा सण होऊन सहा दिवस लोटले की आव महिन्याची पंधरावी तारीख उजाडते. आमच्या लहानपणी मुंबईत आम्ही या दिवसाची फारशी दखल घेत नव्हतो. उपासाची आठवण असे, बिरड्याची आमटी आठवे, पण तू बेआव हे नाव मोठ्या आनंदाचे आहे हे आम्हांस इस्राएलात आल्यावर उमगले. मिश्नेत तानीथ या भागाच्या अगदी अखेरीस रब्बान शिमोन बेन गमलिएल यांचे म्हणणे नोंदले आहे. इस्राएलाला आवची पंधरावी आणि योम किप्पुर यांच्यासारखे आनंदाचे दिवस दुसरे नव्हते, असे ते सांगतात. त्या दिवशी यरुशलायेमच्या मुली पांढरी वस्त्रे नेसून द्राक्षमळ्यांत नाचावयास जात, आणि ती वस्त्रे उसनी असत. स्वतःची नव्हे, उसनी. का, तर जिच्यापाशी वस्त्र नाही तिला लाज वाटू नये म्हणून.

तलमूदात याचा आणखी खुलासा आहे. राजाची मुलगी मुख्य याजकाच्या मुलीकडून वस्त्र मागून घेई, मुख्य याजकाची मुलगी त्याच्या दुय्यमाच्या मुलीकडून, ती युद्धासाठी अभिषिक्त केलेल्या याजकाच्या मुलीकडून, आणि ती साध्या याजकाच्या मुलीकडून. बाकी सारे इस्राएल एकमेकांकडून घेत. मागणे वरून खाली जात आहे, हे आपण ध्यानी घ्यावे. गरिबाच्या मुलीने श्रीमंताच्या दारी हात पसरला असता तर त्यात नवल ते काय? येथे राजकन्येने आपल्याहून खालच्या घरी जाऊन साडी मागावयाची आहे. (साडी हा शब्द आमचा, आमच्या डोळ्यांसमोर ती तशीच येते.)

आता आज त्याच दिवसाचे काय झाले आहे ते पाहा. ओमेरच्या दिवसांत बहुतेक घरी लग्न करीत नाहीत, आणि तम्मुझच्या सतराव्यापासून आवच्या नवव्यापर्यंतचे तीन आठवडेही वर्ज्यच. हा बांध सुटला की सर्वांची एकच झुंबड उडते, आणि तू बेआवची तारीख हॉलवाल्यांच्या वहीत सर्वांआधी भरणाऱ्या तारखांपैकी एक असते. ज्या दिवशी राजकन्या उसने नेसून निघत असे, त्याच दिवसासाठी आज आपण ताटामागे चढा भाव मोजतो.

गेल्या उन्हाळ्यात रामल्याचे एक गृहस्थ शब्बाथ सुटल्यावर आमच्या घरी आले. आपल्यातलेच. वडील अलिबागकडचे, स्वतः येथे जन्मलेले, मराठी मोडकी पण गोड. चहा निवेपर्यंत काही बोलेनात. मग खिशातून घडी केलेला कागद काढून म्हणाले, “काका, सही करण्याआधी एवढे जरा पाहा.” मुलीच्या लग्नाचा हॉल, तेल अवीवच्या अंगाला. कमीत कमी ३५० ताटांची हमी, ताटाचा दर ३५० शेकेल. म्हणजे १,२२,५०० शेकेल, आणि त्यांत ना छायाचित्रकार, ना डीजे, ना फुले, ना नवरीचा पोशाख. हमी म्हणजे काय हे पुष्कळांना सही केल्यानंतर कळते. ३५० ची हमी देऊन २९० माणसे आली तरी पैसे ३५० चेच द्यावे लागतात; साठ रिकाम्या खुर्च्यांना २१,००० शेकेल. शिवाय मेंदीसाठी दुसरा हॉल आणि दीडशे माणसे वेगळीच. पूर्वी मेंदी घरच्या ओटीवर, शेजारणींच्या हातांनी होत असे.

२०२१ साली इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या पाहणीत तेल अवीव हे जगातील सर्वांत महागडे शहर ठरले होते. आपण काही तेल अवीवच्या मध्यात राहत नाही. आपण रामला, लोद, अश्दोद, बेएर शेवा, दिमोना येथली माणसे. पण लग्न मात्र त्या भावाने करावयाचे!

“पैसे कोठून आणणार?” असे आम्ही विचारले.

“अर्धे बँकेचे कर्ज,” ते म्हणाले, “आणि अर्धे पाकिटांतून निघतील.”

या पाकिटांविषयी आज बोलावयाचे आहे. हॉलच्या दाराशी फट असलेली कुलूपबंद पेटी ठेवलेली असते आणि पाहुणा आत येताच तिच्यात पाकीट टाकतो, हे सर्वांस ठाऊक आहे. काही जण म्हणतील, यात नवे काय, आपल्या कोकणात आहेर नव्हता का? होता. वहीत लिहून घेत, पुढच्या लग्नात वही उघडून परत करीत, आणि त्यावरून रुसवेफुगवेही होत. हाइम सॅम्युएल केहिमकर यांचा बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. त्यातील आपल्या लग्नविधींचे वर्णन वाचले तर आपले पूर्वज लग्नात हात आखडत नसत हे दिसेल. जुने ते सर्व सोने, असे आम्ही म्हणत नाही. पण आहेर हा लग्नाच्या खर्चात हातभार होता. त्या भरवशावर खर्च ठरवीत नसत. आज आधी ताटाचा भाव ठरतो, मग त्या भावाइतके पाकिटात असावे असे पाहुण्यास न सांगता कळते, आणि पाहुण्यांची यादी करताना आपण नाते मोजत नाही, पाकीट मोजतो. “तो येईल पण देणार नाही” अशी वाक्ये आम्ही आपल्याच घरांत ऐकली आहेत. दुसऱ्यांचे कशास सांगावे, आमच्या घरात ऐकली आहेत.

आमच्या मुलाचे लग्न झाले त्या रात्री आम्ही स्वयंपाकघरातील टेबलावर पाकिटे फोडून बेरीज करीत बसलो होतो. पहाट झाली, हिशेब जुळला, आणि मग सौभाग्यवतींच्या ध्यानात आले की येरुहामची मावशी आली नव्हती. निरोप आला होता की गुडघा दुखतो. दोन महिन्यांनी आम्ही तिला भेटावयास गेलो. मावशी बसथांब्यापर्यंत स्वतः चालत आली होती. गुडघ्याला काही झाले नव्हते. पुष्कळ आढेवेढे घेतल्यावर म्हणाली, “बाळा, तुमच्या त्या ताटाचा भाव मला कोणीतरी सांगितला. मी पाकिटात काय घालणार होते?” तिने नवऱ्यामुलासाठी एक नारळ आणि हाताने विणलेली किप्पा बाजूला ठेवली होती. पेटीच्या फटीतून नारळ जात नाही.

ही मावशी आमच्या आईच्या पाठची. आमच्या बारशाला पाळणा तिने हलविला. तिला आम्ही आमंत्रण दिले होते, सुंदर छापलेले, सोनेरी अक्षरांचे. आणि त्याच आमंत्रणाने तिला घरी बसविले. यरुशलायेमच्या मुली उसने नेसत ते कशासाठी, हे आम्हांस मिश्ना वाचून जितके कळले नव्हते तितके त्या दिवशी कळले.

तलमूदात मोएद कातान या भागात असाच एक प्रसंग आहे, तो लग्नाचा नसून शोकाचा आहे. शोकाच्या घरी अन्न नेताना श्रीमंत लोक चांदीच्या टोपल्यांतून नेत आणि गरीब सोललेल्या वेतांच्या टोपल्यांतून. गरिबांस लाज वाटू लागली, म्हणून सर्वांनीच वेताच्या टोपलीतून न्यावे असा नियम केला गेला. त्याच ठिकाणी सांगितले आहे की प्रेत नेण्याचा खर्च इतका वाढला होता की नातेवाइकांस मरणापेक्षा तो खर्च जड होई आणि काही तर प्रेत टाकून पळून जात. तेव्हा रब्बान गमलिएल यांनी स्वतःचे प्रेत साध्या तागाच्या वस्त्रात न्यावयास लावले, आणि मग सर्वांनी तसेच केले. गमलिएल हे इस्राएलाचे नासी, समाजातील सर्वांत मोठे मानाचे गृहस्थ. चाल त्यांनी बदलली म्हणून बदलली. एखाद्या गरिबाने साधे वस्त्र नेसविले असते तर लोक एवढेच म्हणाले असते की बिचाऱ्यापाशी पैसे नव्हते.

पुढे १४१८ साली इटलीतील यहुदी जमातींचे प्रतिनिधी फोर्ली येथे जमले, तेव्हा त्यांनीही लग्नाच्या मेजवान्यांस मर्यादा घातल्या. म्हणजे रोग जुना आहे.

आमचे रामल्याचे गृहस्थ हुशार. ते म्हणाले, “पण काका, माणसाने बायकोमुलांचा मान आपल्या ऐपतीहून अधिक राखावा, असे रामबामनीच म्हटले आहे ना?” होय, म्हटले आहे, आणि त्यामागे तलमूदाचा आधार आहे. पण त्याच वाक्यात आधी काय आहे? माणसाने खाण्यापिण्यात ऐपतीहून कमी खर्च करावा. आणि हॉलचे बिल म्हणजे तरी काय, खाणेपिणेच! मुलीला चांगले पलंगपोस, चांगली भांडी, शिक्षणाची फी, घराच्या पहिल्या हप्त्यात हातभार, हा तिचा मान. साडेतीनशे लोकांना चार प्रकारचे मांस, त्यांतले दोन प्रकार ताटात तसेच राहिलेले, यात तिचा मान कोणता?

रब्बी अकीवा यांनी तर याहून पुढची गोष्ट सांगितली आहे. माणसांपुढे हात पसरण्याची पाळी येण्यापेक्षा आपला शब्बाथ साध्या दिवसासारखा करावा, असा त्यांचा उपदेश. शब्बाथ! ज्याच्या मानासाठी आपले तेली पूर्वज आठवड्यातून एक दिवस घाणा बंद ठेवून शनिवार तेली म्हणवून घेण्यास राजी झाले, तो शब्बाथ. त्याच्यासाठीही कर्ज नको, तर डीजेसाठी कसे चालेल? आपल्या मराठीत ऋण काढून सण करू नये म्हणतात, ते याहून निराळे नाही.

रामबामनी आणखी एक क्रम दिला आहे: आधी धंदा, मग घर, मग लग्न. आपल्याकडेही लग्न पहावे करून, घर पहावे बांधून म्हणतात. या देशातील आजच्या घरांच्या किमती पाहता हा क्रम अक्षरशः पाळावयाचा तर आपली मुले पन्नाशीपर्यंत अविवाहित राहतील, तेव्हा तो आग्रह आम्ही धरीत नाही. पण घराला ठेवलेले पैसे एका संध्याकाळी वाटून टाकावे, असे तर रामबामनी कोठेही म्हटलेले नाही.

आणखी एक गोष्ट तरुणांना सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांस ती माहीत नाही. १९६२ साली येथील मुख्य रब्बानूतने बेने इस्राएलांच्या इतरांशी होणाऱ्या लग्नांसाठी घराण्याची चौकशी करण्याचे फर्मान काढले. वधूवराचे आजी-आजोबा कोण, त्यांच्या मागे कोण, हे विचारले जाऊ लागले. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक मुलाबाळांसह यरुशलायेमात धरणे धरून बसले, क्नेसेथने त्यांच्या बाजूने ठराव केला, आणि ते कलम बदलावे लागले. हुप्पाखाली उभे राहण्याचा निर्वेध हक्क आपल्या वडीलधाऱ्यांनी रस्त्यावर बसून मिळविला. त्यांनी हॉल मागितला नव्हता. रब्बी, दोन साक्षीदार, अंगठी, केथुबा, सात आशीर्वाद आणि दहा माणसे, एवढ्यासाठी ते उन्हात बसले.

मग काय करावे? आमच्या समजुतीप्रमाणे दोन-चार गोष्टी लगेच करता येतात. हिवाळ्यातला सोमवार घेतला तर तोच हॉल पुष्कळ उतरतो. मंगळवार मात्र महाग, कारण उत्पत्तीच्या वर्णनात त्या दिवशी दोनदा ‘चांगले’ असे आले आहे म्हणून सर्वांस तोच हवा असतो. (मिश्नेने कुमारिकेच्या लग्नास बुधवार दिला होता, तो आज कोणास आठवतो?) हमीचा आकडा यादीच्या बराच खाली ठेवावा, वर जाता येते, खाली येता येत नाही. मेंदी आणि मलिदा घरी किंवा सिनेगॉगच्या खोलीत करावा. एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, खोबरे, साखर आणि फळे घातलेले ताट हॉलवाल्याला जमत नाही, ते आपल्या बायकांनाच जमते. आणि पेटी दारात ठेवू नये. ज्याला द्यावयाचे तो घरी येऊन देईल.

रामल्याच्या मुलीचे लग्न शेवातमध्ये एका सोमवारी झाले. १४० माणसे होती. कर्ज काढावेच लागले, पण बँकेचे नव्हे. मोठ्या भावाकडून घेतले आणि थोडके. पेटीवरून दोन्ही घरांत बरीच बोलाचाली झाली. वरपक्षाने हट्ट सोडला नाही, तेव्हा ती शेवटी कोपऱ्यात, कोटांच्या दांडीमागे गेली. नवरी आत येऊ लागली तेव्हा मुलाने उभे राहून योनाथी झिव म्हटले. तो येथे जन्मलेला, चाल आजोबांकडून शिकला होता. मध्येच चुकला, आणि म्हाताऱ्यांनी मागून सूर धरला. येरुहामची मावशी पहिल्या रांगेत बसली होती. तिचे त्यांच्याशी नाते नाही, पण आम्ही तिला घेऊन गेलो होतो आणि कोणी काही विचारले नाही.

नवरीची पांढरी साडी उसनी होती. त्यावरून आमच्या सिनेगॉगच्या महिलांनी एक कपाट सुरू केले आहे. सध्या त्यात चार पांढऱ्या साड्या, मलिद्याची दोन मोठी ताटे आणि टेबलांवरचे वीस पांढरे कपडे आहेत. पाचव्या साडीची मालकीण रुग्णालयात साफसफाईचे काम करते. तिची साडी मागून नेणाऱ्या मुलीचे वडील वकील आहेत. त्यांनी ती विकतही घेतली असती. कपाटाची किल्ली शामाशकडे असते, शुक्रवारी दुपारपर्यंत मिळेल. साडी पंधरा दिवसांत धुऊन, इस्त्री करून परत आणावी, आणि पदराला टाचण्या राहिल्या नाहीत ना, ते पाहावे.