आधी आच, मग वीज

पांढुर्णा

चि. नातीस,

आपल्या घरावर सोलर बसवायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, ते जरूर घे. पण गिझर आणि इंडक्शनही त्याच विजेवर चालवायचा तुझा बेत आहे, त्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

दिवे-पंखे फार वीज खात नाहीत. खाते ती आच. हिशेब करून बघ. हिवाळ्यात 20 अंशांचं 100 लिटर पाणी 60 अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून जास्त वीज लागते. एक किलोवॅटचं पॅनल दिवसभरात देतं साधारण चार युनिटं. म्हणजे छताची शंभर चौरस फूट जागा नुसत्या आंघोळीत गेली! सोलर हीटर तेच काम चौथाई जागेत करतो. पॅनल उन्हाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाची वीज करतं; हीटरमधलं पाणी निम्म्याहून जास्त ऊन पिऊन घेतं. उन्हाची वीज करायची आणि विजेची पुन्हा आच, हा वळसा कशाला?

स्वयंपाकाचंही तसंच. तुझ्या आजीनं पऱ्हाट्या-तुराट्या जाळून अख्खा संसार रांधला, तो धूर तुमच्या वाट्याला यायला नको. गोठ्यात पाच जनावरं आहेत. दोन घनमीटरच्या गोबर गॅसला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी पुरतं. त्यातून सिलिंडरच्या पाऊण किलोहून जास्त गॅसाइतकी आच मिळते. आपला दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यात आटोपतो. वर स्लरी संत्र्याच्या आळ्यात जाते, शेणातलं नत्र जळून जात नाही. थंडीत गॅस उतरतो, कारण टाकीतल्या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब लागते. तेव्हा शेण सोलर हीटरच्या कोमट पाण्यात कालवायचं.

ज्यांच्याकडे गुरंच नाहीत, त्यांना विजेची शेगडी बरी. शेजारच्या बैतूल जिल्ह्यातलं बांचा हे आदिवासी गाव बघून ये. 2018 अखेरपर्यंत तिथल्या सत्तरहून जास्त घरांत आयआयटी मुंबईनं घडवलेल्या सौर शेगड्या बसल्या. मात्र तिथे पॅनलच्या जोडीला बॅटरीही आहे. आपल्याकडे बॅटरीशिवाय लाइनला जोडलेलं सोलर बसवलंस, तर लाइट गेल्यावर भर उन्हातही ते बंद पडेल. खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं. बॅटरी हवी असेल तर बसवणाऱ्याला आधीच सांग, इन्व्हर्टर वेगळा लागतो. पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल 22 अंशांच्या आसपास ठेवायला लाव.

पोळ्याला येशील तेव्हा गोबर गॅससाठी गोठ्यामागची जागा मोजू. टाकी विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब हवी. गवंड्याला मी बोलावून ठेवतो.

तुझे आबाजी