समुद्र ओलांडल्यावर



मोशेबरोबर निघालेल्या लोकांसाठी समुद्र दुभंगला. १९४२ साली सोव्हिएत श्रमछावण्यांतून सुटलेल्या पोलिश लोकांसाठी कास्पियन समुद्र दुभंगला नाही. क्रास्नोव्होद्स्क बंदरातून खच्चून भरलेल्या जहाजांनी सैनिक, स्त्रिया, मुले मिळून लाखाहून अधिक माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. अंगावर चिंध्या, पोटात भूक, सोबत टायफसची साथ. मुक्त भूमीला पाय लागूनही शेकडोंना तिथेच मूठमाती मिळाली.

मग देव कुठे होता? आपली श्रद्धा सांगते, तो मरणाऱ्यांच्या उशाशी होता आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या हातांतही होता. त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे पुढे आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आली. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. भाषा वेगळी, रीत वेगळी, तरी या मातीने त्यांना जागा दिली.

परक्याला घरात घेणे म्हणजे प्रभूला घरात घेणे, हे शुभवर्तमान आपण दरवर्षी ऐकतो. पण परप्रांतातले एखादे कुटुंब भाड्याने खोली मागायला आले, तर आपण काय उत्तर देतो? समुद्र ओलांडून आलेल्याचाही प्रवास दार उघडल्याशिवाय संपत नाही. ते दार उघडण्याची कृपा प्रभू आपल्याला देवो. आमेन.