माझा मग, दुसऱ्याचा टोप

हरिश्चंद्रगडाच्या मुक्कामी ट्रेकसाठी सॅक भरताना मी टायटॅनियमचा मग वजनकाट्यावर ठेवतो, तेव्हा मला नेमकं काय हलकं करायचं असतं? पाठीवरचं ओझं, हे उत्तर मी तयारच ठेवलेलं आहे. ते पुरतं खरं नाही.

साडेसातशे मिलिलिटरचा असा मग साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. सहा जणांनी सहा आणले तर सहाशे-सातशे ग्रॅम झाले, वर सहा स्टोव्ह तरी हवेत नाहीतर रांग लावा. सगळ्यांची खिचडी एकदम शिजेल असा पातळ ॲल्युमिनियमचा टोप याहून फारसा जड नसतो. धातू म्हणून तर टायटॅनियमच जड: घनता 4.5, ॲल्युमिनियमची 2.7. भक्कम असल्यामुळे त्याचा पत्रा पातळ ठेवता येतो, एवढंच. पण त्यात उष्णता नीट पसरत नाही. ज्योतीवरचा तांदूळ करपतो आणि कडेचा कच्चा राहतो. म्हणजे मगात फक्त पाणी उकळा नि तयार जेवणाचं पाकीट फोडा.

हे सगळं माहीत असूनही मला मगच हवा असतो. टोप आला की कांदा कोण चिरणार, तळाला लागलेलं कोण खरवडणार, मुख्य म्हणजे तो वर कोण नेणार, हे प्रश्न येतात. आणि टोप नेहमी ‘नाही’ म्हणता न येणाऱ्याच्या गळ्यात पडतो. बहुधा ग्रुपमधला सगळ्यात नवखा मुलगा. गडावर चढणाऱ्या पाचनईच्या वाटेवर त्याच्या सॅकला बांधलेला टोप पावलापावलाला खडखडतो, पुढे चालणारे आम्ही त्यावर विनोद करतो. रात्री त्याच टोपातली खिचडी मी माझ्या नाजूक मगात वाढून घेतो, दोनदा. वर वजन कसं कमी करावं यावर त्यालाच चार गोष्टी सांगतो! माझ्या ओझ्यातलं काही कमी झालेलं नसतं, ते त्याच्या पाठीवर गेलेलं असतं.

एकट्यानं जाताना मग खुशाल न्यावा, त्यात गैर काही नाही. मंडळी सोबत असली की मात्र हार्ड ॲनोडाइज्ड टोप बरा. कोकम-चिंच घातली तरी चालते, घट्ट झाकणानं गॅस वाचतो. आणि तो माझ्याच सॅकमध्ये जायला हवा. आत डाळ-तांदळाच्या पिशव्या बसवल्या की जागाही फुकट जात नाही, खडखडतही नाही.