स्मृती आणि वैर

अन्याय विसरावा की स्मरावा, हा प्रश्न राष्ट्राला पडतो तसा प्रत्येक गृहस्थालाही पडतो. विसरावा तर सत्याचा अपलाप होतो. स्मरावा तर मनात वैर मूळ धरते. मग मनुष्याने करावे तरी काय?

कॅनडाचे लेखक गाय गेव्हरिएल के यांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या 'टिगाना' या अद्भुतरम्य कादंबरीचा हाच विषय आहे. ब्रँडिन नावाच्या मायावी राजाचा पुत्र टिगानाच्या लोकांशी झालेल्या युद्धात मारला जातो. पुत्रशोकाने क्रुद्ध झालेला राजा तो देश जिंकूनच थांबत नाही. मंत्रबळाने त्याचे नावही पुसून टाकतो. तेथे जन्मलेल्यांवाचून इतर कोणालाही ते नाव ऐकू येत नाही. ते लोक मेले की नावही मेले. क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश आणि स्मृतिभ्रंशापासून बुद्धिनाश, अशी पतनाची परंपरा भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे. येथे क्रोध एकाचा आणि स्मृतिभ्रंश इतरांचा. बुद्धिनाश मात्र क्रोध करणाऱ्याचाच झाला.

ही केवळ कल्पनासृष्टी नव्हे. १९११ साली दिल्लीत नव्या राजधानीची घोषणा झाली आणि तिच्यासाठी इंग्रज सरकारने मालचा गावाची जमीन घेतली. उठलेली काही कुटुंबे सोनीपतजवळ हरसाणा येथे जाऊन राहिली. त्या गावाला हरसाणा मालचा म्हणतात. उखडलेल्या लोकांनी गावाचे नाव तेवढे बरोबर नेले. दिल्लीतही मालचा मार्ग आहे. पण त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना नावामागचे गाव ठाऊक असेल? नाव कानी पडते, पण अर्थ कळत नाही. येथे मंत्राची गरज पडली नाही. औदासीन्य पुरेसे झाले.

तथापि स्मरणातला धोकाही कादंबरीकाराने झाकलेला नाही. टिगानाचा राजपुत्र अलेस्सान स्वदेशाच्या मुक्तीसाठी एका परक्या मांत्रिकाला त्याच्या इच्छेविरुद्ध दास करतो. हा पुरुष दुष्ट नाही, म्हणूनच त्याचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. ज्याला केवळ आपल्यावरील अन्यायाचेच स्मरण असते, त्याला आपल्या हातून होणारा अन्याय दिसत नाही.

अठराव्या अध्यायात अर्जुनही मोह गेल्याचे व स्मृती लाभल्याचे सांगतो. ती स्मृती कौरवांच्या अपराधांची यादी नव्हती. ती यादी त्याला पहिल्यापासून पाठ होती. लाभली ती स्वस्वरूपाची आणि स्वकर्तव्याची जाणीव. त्यानंतर तो लढला खरा, पण वैर फेडण्यासाठी नव्हे.

गृहस्थाने घरातील मुलांना पूर्वजांवर झालेला अन्याय अवश्य सांगावा. मात्र आपल्या कुळाकडून कोणाची जमीन, मजुरी वा मान बुडाला असेल, तर तेही त्याच बैठकीत सांगावे. जे स्मरण न्याय करावयास लावते ते जपावे. जे दुसऱ्याला दास करावयास लावते ते स्मरण नव्हे, क्रोधच होय.